शॉकवेव्हचं पॅकेज घेण्याआधी

पूर्वी एसटी स्टँडच्या मुतारीत भिंतीवर पत्रकं चिकटवलेली असायची. ‘निराश होऊ नका, दर मंगळवारी अमुक लॉजवर भेटा.’ आता तेच काम मोबाइल करतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रात्री बाराला एकदा जरी ‘ताठरता येत नाही उपाय’ असं शोधलं, की दुसऱ्या दिवसापासून त्याला शॉकवेव्हच्या, म्हणजे मशीनने बाहेरून हलके धक्के देऊन ताठरता सुधारायच्या उपचाराच्या, जाहिराती दिसायला लागतात. पांढरा कोट, चकचकीत मशीन, दुखणं नाही, गोळी नाही, बारा सिटिंग्ज, आणि खाली फोन नंबर.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर मेडिकल चालवतो. फार्मसी शिकलोय, डॉक्टर नाही. पण या तक्रारीत माणूस डॉक्टरच्या आधी काउंटरवर येतो, तोही दुकानात बायका नाहीत अशी वेळ बघून. आधी क्रोसिनची पट्टी मागतो, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि पैसे देता देता मोबाइल पुढे करतो, “दादा, हे खरं असतं का हो?” मागे कुणीतरी उभं असताना याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शॉकवेव्ह म्हणजे थोतांड नव्हे. पण रांगेत तिचा नंबर सहावा आहे, आणि जाहिरातवाले तिला दारातच उभी करतात. तिच्या आधीचे पाच नंबर कोणते, ते क्रमाने बघू.

पायरी १: तक्रार नेमकी कोणती

“प्रॉब्लेम आहे” एवढ्यावर कुणीही पॅकेज विकेल. त्या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. लिंगाला ताठरता येत नाही किंवा आली तर टिकत नाही, ही एक. वीर्य लवकर पडतं, ही दुसरी. इच्छाच होत नाही, ही तिसरी. शॉकवेव्हचा विचार फक्त पहिलीसाठी होतो. दुसरीसाठी औषधं आणि समुपदेशन आहे. तिसरीत थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), नैराश्य, दारू, वर्षानुवर्षांची रात्रपाळी असं काहीही निघू शकतं.

पहिलीतही घाई नको. हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिक खाऊन आलेल्या माणसाला शुक्रवारी रात्री जमलं नाही, तर तो आजार होत नाही. साधारण तीन महिने किंवा जास्त काळ बहुतेक वेळा अडचण येत असेल तर तपासायला जावं.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. पहाटे जाग येताना ताठरता असते का? एकट्याने असताना येते का? ती नीट येत असेल आणि फक्त जोडीदाराबरोबर जमत नसेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुधा ठीक आहेत, घोळ ताणाचा किंवा भीतीचा आहे. अशा माणसाला मशीन काय दुरुस्त करणार? लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि ‘आपल्याला जमेल ना’ या धास्तीने झोप उडालेली पंचविशी-तिशीतली मुलं ही या धंद्याची सगळ्यात सोपी गिऱ्हाइकं आहेत, आणि गरज सगळ्यात कमी त्यांनाच असते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ किंवा लैंगिक समुपदेशक गाठावा. पैसेही वाचतील.

मग एक कागद घ्या. आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली असते, जगभरचे युरोलॉजिस्ट (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) ती वापरतात. गेल्या सहा महिन्यांत ताठरता येईल याची खात्री किती वाटत होती, ती संबंधाला पुरेशी होती का, शेवटपर्यंत टिकली का, असे प्रश्न. एकूण गुण ५ ते २५. २२ किंवा जास्त असतील तर चिंता नाही. १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. प्रामाणिकपणे भरा, वर तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. शॉकवेव्हचा फायदा झाला की नाही हे शेवटी याच कागदावर ठरणार आहे.

बायकोला सांगायचं की नाही? सांगा. नवरा टाळतोय एवढं तिला दिसत असतंच, कारण माहीत नसलं की ती आपल्या मनाने काहीतरी धरून चालते. “मला हा त्रास होतोय, मी तपासून घेणार आहे” इतकं पुरे. बऱ्याचदा त्यानंतर दवाखान्यात नंबर तीच लावते.

पायरी २: रक्त तपासा

या पायरीवर मी गिऱ्हाइकांशी वाद घालतो. परवाचाच संवाद.

“काका, शुगर कधी तपासली होती?”
“मला शुगर नाहीये.”
“तपासली कधी?”
“तपासली नाही म्हणून तर नाहीये!”

इतका पुणेरी युक्तिवाद केल्यावर पुढे काय बोलणार. पण मुद्दा गंभीर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि त्याखेरीज १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आणि नसा दोन्ही खराब होतात. ताठरतेला दोन्ही लागतात.

लिंगाकडे जाणाऱ्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. कोलेस्टेरॉल, तंबाखू, साखर, बीपी यांनी रोहिण्या सगळीकडे सारख्याच आजारी पडतात, पण अरुंद वाहिनीत अडचण आधी जाणवते. म्हणून कित्येक पुरुषांत ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. हा इशारा वेळेत मिळालेला असतो. तो सोडून थेट मशीनखाली जाऊन झोपायचं म्हणजे गाडीचा लाल दिवा पेटल्यावर बल्ब काढून टाकायचा.

लॅबमध्ये काय करून घ्यायचं? उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड) आणि एकूण टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी दहाच्या आत द्यायचं, कारण दिवस चढतो तसं त्याचं प्रमाण उतरतं. दुपारी दिलेल्या रक्तावर ‘कमी आहे’ म्हणून इंजेक्शनं सुरू करणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून बाहेर या. सकाळचा आकडा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी परत तपासतात, तेव्हाही कमी आला तरच त्याला अर्थ. मग डॉक्टर प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोनही बघतात. मूल हवं असेल तर ते आधी सांगा, कारण बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतू कमी करतं.

बीपी मोजा. आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून बघा. वर पोचेपर्यंत छाती भरून येत असेल, तर आधी हृदयाचा डॉक्टर, बाकी सगळं नंतर.

चालू औषधांची यादीही काढा. काही बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्या), लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, केस गळतीसाठी दिलेलं फिनास्टेराइड, यांनी काही जणांत हा त्रास होतो. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, बीपीची गोळी अचानक सोडणं महागात पडतं. यादी डॉक्टरांपुढे ठेवा, पर्याय ते सुचवतील.

तंबाखू-सिगारेट सोडा आणि चाला, हे सगळेच सांगतात म्हणून ते कानाआड होतं. पण जोरात चालणं, पळणं, सायकल असा आठवड्याला १६० मिनिटांचा व्यायाम सहा महिने केलेल्या पुरुषांत ताठरता सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय. तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती सगळं फुकट आहे.

पायरी ३: डॉक्टर कुठला

युरोलॉजिस्ट. एमएसनंतर एम.सीएच. किंवा डीआरएनबी युरोलॉजी केलेला. त्यातले काही जण पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवर जास्त काम करतात आणि पाटीवर अँड्रॉलॉजी लिहितात. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ अशी नुसती पाटी दिसली तर खालची डिग्री वाचा. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

पुण्यात युरोलॉजिस्टची वानवा नाही. रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर, भारती अशा मोठ्या रुग्णालयांत हा विभाग आहे. खिशाला जड जात असेल तर सरकारी ससूनला किंवा पिंपरीच्या महापालिकेच्या वायसीएमला केसपेपर काढा. रक्ताच्या प्राथमिक तपासण्या आणि पहिला सल्ला तिथेही मिळतो, रांगेची तयारी ठेवा. रिसेप्शनवर चारचौघांत “काय होतंय?” विचारलं, तर “युरोलॉजीचं आहे, डॉक्टरांशीच बोलतो” एवढं म्हणायचं. पुढे कुणी खोदत नाही.

आणखी एक. लैंगिक शक्ती वाढवून देतो अशा औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. गॅरंटीने मर्दानगी परत मिळवून देणारी जाहिरात दिसली की ती करणाऱ्याला कायद्याची फिकीर किती आहे, ते कळलंच. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून बिनलेबलची पुडी मिळते, तिच्याबद्दल तर मी हात जोडून सांगतो. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं ताठरतेचं औषध) कुटून घातलेलं अनेकदा पकडलं गेलंय. हृदयाची औषधं चालू असलेल्याने ती नकळत घेतली, तर जिवावर बेतू शकतं.

पायरी ४: गोळी, पण नियमाने

“गोळीचा उपयोग नाही झाला, म्हणून शॉकवेव्ह करायचं म्हणतोय.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उलट विचारतो, कशी घेतली होती? उत्तर ठरलेलं असतं. मटण-भाकरीचं जेवण, वर दोन पेग, मग गोळी, आणि पंधरा मिनिटांनी ‘काहीच होत नाहीये’.

सिल्डेनाफिल अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मंजूर झालं, तेव्हापासून त्याचे नियम बदललेले नाहीत. संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची. तेलकट, जड जेवणाने तिचं काम लांबतं. आणि गोळी पोटात गेली की आपोआप सगळं होईल ही समजूत काढून टाका. मनात इच्छा आणि अंगाला स्पर्श नसेल तर ती काहीच करत नाही. टाडालाफिल या दुसऱ्या गोळीवर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. काही जणांना डॉक्टर तिचाच ५ मिलिग्रॅमचा छोटा डोस रोज देतात. योग्य डोसात, वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

आता काउंटरवर मी आवाज चढवून सांगतो ती गोष्ट. छातीदुखीवरची औषधं, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन किंवा निकोरँडिल, यांपैकी काहीही चालू असेल किंवा कधीतरी लागत असेल, तर ताठरतेच्या या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. बीपी धाडकन खाली येतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून, कमी डोसपासून सुरुवात. ही सगळी प्रिस्क्रिप्शनची औषधं आहेत. चिठ्ठी मागितली म्हणून माझ्यावर चिडू नका.

बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो. साखर आटोक्यात, गोळी नियमाने, घरात बोलणं झालेलं, आणि गाडी रुळावर.

पायरी ५: डॉपलर

गोळीने पुरेसं जमलं नाही, किंवा गोळी चालत नाही, किंवा कारण नक्की करायचंय, तर डॉक्टर पिनाइल डॉपलर सोनोग्राफी सांगतात. लिंगात बारीक सुईने औषध देऊन ताठरता आणतात आणि रक्त किती वेगाने येतं ते मोजतात. आत येणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर रोहिण्या अरुंद झाल्या असं धरतात, ३५ च्या वर असेल तर त्या चांगल्या. आलेलं रक्त थांबत नसेल, तर तो शिरांच्या बाजूचा दोष.

थंडगार एसी खोलीत, अनोळखी माणसासमोर, सुईच्या भीतीने नीट ताठरता न येणं साहजिक आहे. तेवढ्याने रिपोर्ट वाईट येऊ शकतो, म्हणून एकाच डॉपलरवर आयुष्याचा निकाल लावू नका. आणि तपासणीनंतर ताठरता चार तासांपर्यंत उतरली नाही तर रात्र असो की पहाट, लाज सोडून कॅज्युअल्टीत जायचं. थांबलात तर आतली ऊती कायमची खराब होते.

पायरी ६: मशीन काय करतं ते समजून घ्या

हे तंत्र आलं मूतखड्यावरून. विमानं बनवणाऱ्या डॉर्निए या जर्मन कंपनीने त्यासाठी यंत्र तयार केलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा एका रुग्णाचा खडा शरीराबाहेरून धक्कालहरी देऊन फोडला. पुढे लक्षात आलं की फोडण्याइतकी ताकद न लावता, हलक्या लहरी दिल्या तर ऊतीत नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते. निदान प्राण्यांवरच्या प्रयोगांत तरी तसं दिसलं. ताठरतेसाठी माणसांवरचा पहिला छोटा अभ्यास इस्राएलमधल्या हैफा शहरातून २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. २० पुरुष, आठवड्यातून दोनदा असं तीन आठवडे, मग तीन आठवडे सुट्टी, परत तीन आठवडे. एकूण बारा बैठका. प्रत्येक बैठकीत लिंगावरच्या तीन आणि मुळाशी दोन अशा पाच जागांवर ३०० प्रमाणे १५०० धक्के. आज जाहिरातीत दिसणारा ‘बारा’ हा आकडा तिथून आलाय.

आता पुण्यातल्या क्लिनिकमध्ये सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती. शॉकवेव्ह नावाखाली दोन वेगळी मशिनं चालतात. एक फोकस्ड. यात लहरी त्वचेच्या आत ठरलेल्या खोलीवर एकवटतात. अभ्यास बहुतेक अशाच यंत्रांवर झालेत. दुसरं रेडियल. यात हवेच्या दाबाने आतली धातूची गोळी पुढच्या टोकावर आपटते आणि दाब त्वचेपासून पसरत जातो, म्हणजे सगळ्यात जास्त जोर वरच्या वर आणि आत जाईल तसा कमी. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्या खऱ्या धक्कालहरी नाहीतच. टाचदुखीसाठी किंवा टेनिस एल्बोसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेला असाल, तर ते टकटकटक वाजणारं मशीन बहुधा हेच. तिथे त्याचा उपयोग आहे. पण ते स्वस्त आणि सहज मिळणारं असल्याने तेच उचलून ‘ईडीची’ (इरेक्टाइल डिसफंक्शन, म्हणजे ताठरतेच्या त्रासाची) शॉकवेव्ह म्हणून लावलेलं असतं, आणि भाव फोकस्डचा.

पुरावा किती? इथे जाहिरात आणि डॉक्टरांच्या संघटना यांच्यात मोठं अंतर आहे. सौम्य, रक्तवाहिन्यांमुळे आलेल्या ताठरतेच्या त्रासात काही चाचण्यांत गुण वाढलेले दिसले. पण २०१७ मध्ये आलेल्या डेन्मार्कच्या चाचणीत खरी लहर आणि नुसता आवाज करणारं खोटं मशीन यांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. खोट्या मशीनवरच्या लोकांनाही बरं वाटतं, हे या विषयात सतत दिसतं आणि त्यात नवल काही नाही. आशा ही या तक्रारीत मोठीच गोष्ट आहे. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा उपचार संशोधनाच्या पातळीवरचा मानला. युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजी थोडी मऊ आहे. सौम्य त्रास असलेल्यांना, नीट समजावून, देता येईल म्हणते, पण तीही शिफारस कमकुवत दर्जाची. सुरुवातीला फायदा झालेल्यांत दोन वर्षांनी तो निम्म्याच्या आसपास लोकांतच टिकल्याचं एका अभ्यासात आढळलं. त्रास तीव्र असलेल्या मधुमेहींत तो आधीच ओसरला.

म्हणजे विचार कुणी करायचा? गुण १२ ते २१ च्या मध्ये, कारण रक्तवाहिन्यांचं, गोळीने थोडं तरी जमतं किंवा गोळी नकोच आहे, साखर-बीपी ताब्यात, आणि गेलेले पैसे परत न आले तरी घर हलणार नाही, अशा माणसाने. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील, रक्त गोठण्याचा आजार असेल, त्या भागात जखम, संसर्ग किंवा कर्करोग असेल, पेसमेकर असेल, तर आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला, बहुतेकदा उत्तर नाही असंच येतं. लिंग वाकडं होण्याचा आजार असेल तर शॉकवेव्हने बाक सरळ होत नाही.

पायरी ७: क्लिनिकमध्ये काय विचारायचं

पहिल्या भेटीत पैसे न्यायचेच नाहीत, फक्त कन्सल्टेशनची फी. मशीन फोकस्ड की रेडियल, कंपनी आणि मॉडेल कोणतं, हे विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नाव सांगायला जो कचरतो, तिथे पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही. धक्के किती, कोणत्या जागांवर, ताकद किती? हैफाच्या अभ्यासात ती दर चौरस मिलिमीटरला ०.०९ मिलिज्यूल होती, त्यावर तुलना करता येते. प्रोब (मशीनचं अंगावर टेकवायचं टोक) कोण धरणार, डॉक्टर की टेक्निशियन? माझी शुगर, टेस्टोस्टेरॉन, डॉपलर बघून तुम्ही मला योग्य का समजता? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण रिपोर्ट न बघता ‘होईल साहेब, नक्की होईल’ म्हणणारा डॉक्टर नाही, सेल्समन आहे.

पैशांचं बोलणं सरळ करा. पुणेकराला ते शिकवायला नको, पण या विषयात भलेभले ओशाळून गप्प बसतात. बारा बैठकांचे एकदम न देता दर बैठकीचे देता येतील का? मध्ये थांबलो तर उरलेले परत मिळतात का, आणि ते लेखी मिळेल का? ‘आज बुक केलं तर निम्म्यात’ किंवा ‘ईएमआय करून देतो’ असं ऐकलं, की “घरी विचारून सांगतो” म्हणायचं आणि खरंच घरी जायचं. दर बैठकीची पावती घ्या. मेडिक्लेमवर विसंबू नका. सिद्ध न झालेल्या उपचारांचा अपवाद पॉलिसीत छापलेलाच असतो. केसपेपरच्या प्रती मागितल्या तर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

जोडीला पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन किंवा स्टेम सेल (मूळपेशी) खपवायचा प्रयत्न झाला तर नको म्हणा. पीआरपी या तक्रारीसाठी अजून प्रायोगिकच मानतात, आणि स्टेम सेलचा असा वापर आयसीएमआरच्या नियमांत बसत नाही.

पायरी ८: बैठकीच्या दिवशी

यात लिहिण्यासारखं फार नाही, आणि भीती सगळ्यात जास्त याचीच असते. भूल नाही, सुई नाही. लघवी करून या. पाठीवर झोपवतात, सोनोग्राफीला लावतात तसलं थंड जेल लावतात, लिंग हलकेच ताणून धरतात आणि प्रोब एकेका जागेवर टेकवतात. टिक-टिक असा आवाज, टोचल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं वाटतं. मुळाच्या जागांसाठी प्रोब अंडकोशाच्या मागे जातो, तिथे जरा अवघडल्यासारखं होतं. पंधरा-वीस मिनिटांत संपतं, टिश्यूने जेल पुसायचं आणि स्कूटर काढून ऑफिसला जायचं. दुखत असेल तर तसं सांगा. सोसण्यात मर्दपणा नाही, ताकद कमी करता येते. थोडं लाल होणं, क्वचित निळसर डाग किंवा लघवीत किंचित रक्त दिसू शकतं. रक्त दिसलं तर पुढची बैठक घेण्याआधी डॉक्टरांना कळवा.

कुणी पहिल्याच बैठकीनंतर ‘फरक वाटतोय ना?’ विचारलं, तर हसून सोडून द्या. नव्या रक्तवाहिन्या एका दुपारीत येत नाहीत.

पायरी ९: हिशेब

शेवटची बैठक झाल्यावर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी तीच पाच प्रश्नांची प्रश्नावली परत भरा, आधीचे गुण न बघता. मग जुना कागद काढा. एक-दोन गुणांचा फरक चांगल्या झोपेनेही पडतो, तो मोजू नका. १५ वरून २० झाले, किंवा आधी गोळी लागायची आणि आता तिच्याशिवाय जमतं, तर फायदा झाला. जमलं तर बायकोलाही विचारा, तिचं उत्तर जास्त खरं असतं. त्या काळात व्यायाम वाढवला, साखर उतरली, सिगारेट सुटली असं काही झालं असेल तर त्याचीही तारीख कागदावर टाका, नाहीतर सगळं श्रेय मशीनला जातं.

तीन महिन्यांनीही काही नाही, आणि क्लिनिक म्हणतंय “आणखी सहा घ्या”? घेऊ नका. त्यापेक्षा युरोलॉजिस्टकडे परत जा, कारण पुढचे उपाय शॉकवेव्हपेक्षा जुने आणि भरवशाचे आहेत. व्हॅक्युम पंप असतो. नळीत पोकळी करून रक्त ओढलं जातं आणि मुळाशी रबरी रिंग चढवतात, ती अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. संबंधाआधी लिंगात घ्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन असतं. पहिला डोस डॉक्टर स्वतः देऊन ठरवतात, मग घरी घ्यायला शिकवतात. चार तासांचा नियम इथेही तोच. आणि सगळं करून झालं असेल तर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आत बसवलेला कृत्रिम अवयव. खर्चिक आहे, एकदा बसवला की मागे फिरता येत नाही, पण मधुमेहाने किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनने नसा गेलेल्यांना यानेच संबंध ठेवता येतात. इम्प्लांटचा सल्ला घ्यायला जाताना बायकोला बरोबर न्या, शुगरचे अलीकडचे रिपोर्ट न्या, आणि या डॉक्टरने अशी ऑपरेशनं नेहमी केलीत का, हे पहिल्याच भेटीत विचारा.